कोटावरचं भोक

आमच्या वेल्डरकाकांचे सगळे शर्ट ठिणग्यांनी चाळण झालेले. साठी उलटली तसा त्यांनी पांढराशुभ्र कोट शिवून घेतला. काकू म्हणाली, "या वयात बाशिंग बांधायचंय का?" काका आरशासमोर शीळ घालत राहिले.

कोट घालून निघाले, तोच शेजाऱ्याचं फाटक निखळलेलं दिसलं. हात शिवशिवले. अंगातल्या कोटासकट काका वेल्डिंगला बसले आणि एका ठिणगीने छातीवर भोक पाडलं. काकूने कपाळाला हात लावला. काकांनी त्या भोकात गुलाब खोचला आणि ऐटीत गल्लीभर मिरवून आले.

आता गल्लीतले सगळे आजोबा नवेकोरे कोट घेऊन काकांकडे भोक पाडून घ्यायला येतात. गुलाब मात्र काकूकडूनच विकत घ्यावा लागतो.