साहेबांच्या दिव्याचं ताक

लोणावळ्याच्या एका बंगल्यावर मी सतरा वर्षं स्वयंपाक केला. बंगल्याचे किस्से म्हणजे हरळी, उपटावी तितकी उगवते! आज त्या एका दिव्याचाच सांगते.

*

साहेबांनी विलायतेहून दिवा आणला. उंच काचेची बाटली, आत निळं पाणी, तळाशी लाल मेण. खालचा बल्ब पेटवला की तासाभरानं मेण वितळायचं आणि गोळे वर-खाली पोहायला लागायचे.

आमचा माळी धोंडिबा, वडिवळ्याचा. पहिल्यांदा बघितलं नि दारातच थबकला.

“मावशी, ह्यात जनावर हाय!”

“मेण हाय रे ते.”

“मग श्वास कसं घेतंय?”



*

बाईसाहेबांचा हुकूम होता, दिव्याला जो हात लावेल तो घरी जाईल. दोघं मुंबईला, यायचे शनिवारी. बुधवारी मीच दिवा लावला, बघायला. खोटं कशाला बोलू! धोंडिबा कुंड्यांना पाणी घालायला आत आला. एक गोळा तळाशी अडकलेला त्याला दिसला. पंच्यात बाटली धरली नि घळाघळा हलवली.

पाण्याचं ताक झालं!

“मुडद्या, काय केलंस?”

“दवाखान्यातला कंपाउंडर सांगतो की, मावशी! बाटली हलवून घ्यायची!”

नोकरी गेली तर मागची खोलीही जाणार, आणि त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेले. तो तिथंच रडायला लागला. म्हटलं, “रडतोस काय? आदी दिवा विझव.”

*

शेजारच्या बंगल्याचा राखणदार आबा न बोलावता आला. बाटली उजेडात धरून म्हणाला, “गढूळ झालंय. तुरटी फिरवा.”

“आबा, तुरटी तुमच्या जिभेवर फिरवा,” म्हटलं. “बाहेर बोललात तर बघा!”

*

गुरुवारी मेण तळाशी घट्ट बसलं होतं. बाटलीचं टोपण उचकटलं, पाणी पातेल्यात ओतलं. तूप गाळायच्या मलमलीतून गाळलं, ताक ते ताकच! चौपदरी केली, तरी तेच. मग मला टिपकागद आठवला. चौथी सुटल्यापासून पहिल्यांदा शाळेत गेले.

गुरुजी म्हणाले, “आता काय शिकायचं राहिलं?”

“गाळायचं!”

टिपकागदाचा कोन करून नरसाळ्यात बसवला. थेंब पडायला जीव जातो की काय असं वाटायचं. कागद तुंबला की दुसरा. दिवस मावळला, पण खाली पडलेलं पाणी कसं, आरशासारखं!

*

शुक्रवारी कळलं, कागदच पुष्कळ पाणी पिऊन बसलेत. मोटारीच्या बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी होतं, ते घालून बाटली भरली. दिवा लावला. मेण वितळलं, पण वर येईना. म्हशीसारखं तळाशी बसून राहिलं!

मी डोक्याला हात लावला. धोंडिबा म्हणाला, “मावशी, भाताचं बी मिठाच्या पान्यात टाकलं की पोचट वर येतं. ह्येलाबी मीठ द्या की!”

मीठ त्याच बॅटरीच्या पाण्यात विरघळवलं. चमचा-चमचा आत सोडलं. पाचव्या चमच्याला गोळा डुलत उठला! सतरा वर्षांत धोंडिबाला मी शहाणा म्हटलं ते तेवढं एकदाच.

*

शनिवारी बाईसाहेब उतरल्या आणि मागच्या दोरीवर निळ्या डागांचे टिपकागद वाळत होते. काढायचे राहिलेच!

“हे काय, मावशी?”

“माहेरी पत्र लिहिलं. शाई टिपली.”

“नऊ कागद?”

“भांडण मोठं आहे!”

बाईसाहेबांनी एक कागद उजेडात धरून बघितला नि आत गेल्या.

संध्याकाळी पाहुण्यांसमोर साहेबांनी दिवा लावला. “बघा! विलायती माल आहे, कसा नव्यासारखा राहिलाय!” धोंडिबा खिडकीबाहेर एकाच गुलाबाला अर्धा तास पाणी घालत होता.

*

रविवारी सकाळी मी चहाचं आधण ठेवत होते. बाईसाहेब आत आल्या आणि दार लोटून घेतलं. पदराखालून काहीतरी काढून ओट्यावर ठेवलं.

दिवा. आत ताक!

“धोंडिबा काल आत पण आला नाही, बाईसाहेब! देवाशप्पथ सांगते—”

“हळू बोला हो!” त्यांनी दाराकडे बघितलं. “साहेब उठायच्या आत, मावशी, माहेरी अजून एक पत्र लिहून होईल का?”