शाखेतला बाक

आम्ही पाच जण कॅन्टोन्मेंटजवळच्या एका खोलीत राहायचो. वडील मेसमध्ये स्वयंपाकी होते. तिथली उरलेली भाजी आली की आमचं जेवण व्हायचं. मी घरातली पहिली पदवीधर. सरकारी नोकरी लागली आणि लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर मिळालं. धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या फीसाठी साठवलेलं सगळं मी एका सरकारी बँकेच्या शेअरमध्ये घातलं, ते खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या भरवशावर.

काकू दर महिन्याला पासबुक भरायला स्वतः त्या बँकेच्या शाखेत जायच्या आणि तासभर बाकावर बसून माणसं बघायच्या. हाच त्यांचा शेअरबाजाराचा अभ्यास. बागेत पेन्शनर मंडळी चिडवायची, "काकू, सरकार पडलं की तुमची बँक गेली."

काकू मटार सोलत म्हणायच्या, "अच्छा? सरकार कुणाचंही येवो, तुमची पेन्शन तिथंच जमा होणार ना?"

निवडणुकीच्या निकालादिवशी शेअर धाडकन कोसळला. मी फोनवर शेअरचं अ‍ॅप उघडून रडवेली होऊन खाली पळाले. "काकू, विकून टाकते."

त्यांनी काही सल्ला दिला नाही. चप्पल घातली आणि मला शाखेत नेलं. आत नेहमीचीच रांग होती. एक आजोबा निवांतपणे मुदत ठेवीचा फॉर्म भरत होते.

"पैसे काढायला कुणी धावत आलंय का, बघ," काकू म्हणाल्या. "नाही ना? मग तूच कशाला पळतेस?"

मी फोन पर्समध्ये टाकला.

भाव सावरला, मग वरही गेला. थोडे थोडे शेअर विकत फी प्रत्येक वर्षी वेळेवर भरली. धाकटी यंदा पदवीधर झाली.