लाल पाण्याचा अर्थ

किहीमला एका बंगल्यात चित्रांचं प्रदर्शन होतं आणि चित्रांवर बोलायला मला बोलावलं होतं. मी उरणच्या एका शाळेतला ड्रॉइंगचा मास्तर. कुणीतरी फोनवर 'समीक्षक' म्हणालं आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आईला सोबत नेलं, ते चित्रं दाखवायला नव्हे. मला बोलताना तिनं बघावं म्हणून.

मुख्य चित्र भिंतभर होतं. लालसर गुलाबी चौकोन, मधून करड्या रेघा, कडेला पांढरी साय. चकाकी अशी की रंग ओला आहे का, म्हणून लोक बोट पुढे करत. खाली नाव नव्हतं, त्यामुळे मला रान मोकळं. मी जखमेपासून सुरुवात केली. जखमेवरून स्त्रीच्या दुःखावर आलो, तिथून भास आणि सत्य यांच्यावर.

तेवढ्यात आईनं चपला काढल्या आणि ती अनवाणी चित्राजवळ गेली. एक बाई हळूच म्हणाल्या, "किती श्रद्धा!" मी ती संधी सोडली नाही. म्हणालो, "ही माझी आई. कलेपुढे माणूस नम्र होतो तो असा."

धडधडीत खोटं. आईचा जन्म मिठागरात गेला. वाफ्यातलं पाणी असं लाल झालं की मीठ धरायला, म्हणजे खडे बांधायला, आलेलं असतं, आणि तेव्हा तिथे चपला घालून कुणी जात नाही, चिखल पडून मीठ काळवंडतं. लहानपणी मी चपलांसकट गेलो म्हणून तिचा मार खाल्ला आहे. कुठला वाफा कधी धरेल हे मुकादमसुद्धा तिला विचारून ठरवायचा. चित्रात काय आहे ते मलाही दारातूनच कळलं होतं. पण मिठागर म्हटलं असतं तर भाषण दोन मिनिटांत आटोपलं असतं, आणि तुम्हाला कसं ठाऊक, असं कुणी विचारलं असतं.

आई वळून सगळ्यांदेखत म्हणाली, "पानी लाल झालाय. दोन दिसांत मीठ धरंल."

मी हसलो. त्या हसण्याची मला आजही किळस येते. "आई, चित्रात तसं नसतं गं. दिसतं तो नुसता भास."

लोकही हसले, प्रेमानंच. तिनं बराच वेळ चित्राकडे पाहिलं, मग चपला घातल्या. "व्हय का? मना वाटला मीठ."

रेवसहून लाँचनं करंजाला येईपर्यंत ती रागावलीसुद्धा नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. पुढे रिक्षा उरलेल्या मिठागरांजवळून जाऊ लागली तेव्हा मी ती थांबवली. चुकलो म्हणायची हिंमत नव्हती. वाटलं, तिला तिच्यातलंच काही विचारावं, म्हणजे फिटेल.

रस्त्यालगतच्या वाफ्यात पाणी लाल झालं होतं, कडेला पांढरी साय धरली होती.

"आई, हे कधी धरेल?"

तिनं चपला काढल्या आणि ती बांधावर जाऊन उभी राहिली. पाण्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, उत्तर न येणारी मुलं वर्गात माझ्याकडे बघतात तसं.

"तूच सांग, बाला," ती म्हणाली. "मना वाटतंय उद्या. पन माज्या डोल्यांचा आता काय खरा न्हाय."