मामांच्या खोलीतला वास

कॅप्टनबाई येणार म्हणून मी मामांच्या खोलीत सुगंधी फवारा मारला, तोही अगदी सढळ हातानं. मामांच्या गालावरची गाठ फुटून चिघळली होती. तिचा वास पार स्वयंपाकघरापर्यंत यायचा. चारचौघांत शोभा नको, एवढाच माझा हेतू. मामांना खोकल्याची अशी उबळ आली की ते जांभळे पडले. वास मात्र हलला नाही. आता खोलीत गुलाब सडल्यासारखं वाटू लागलं.

कॅप्टनबाई हे आम्ही ठेवलेलं नाव. आता बरे होणार नाहीत आणि घरीच आहेत, अशा पेशंटांचं सगळं त्या बघतात: डॉक्टरांच्या फेऱ्या, दुखण्याची औषधं, भाड्याची कॉट. पेशंटपेक्षा नातेवाइकांनाच डोस जास्त लागतात, असं त्यांचं मत. आम्हाला त्या नावानं नाही, नात्यानंच हाक मारतात: मामी, मामांचा मुलगा तो चिरंजीव, आणि मी भाचे. त्या घरी पोचल्या की नवरा आधी न्हाणीघराकडे बोट दाखवतो, मग चहाचं विचारतो, हे त्यांनीच हसत सांगितलं होतं.

आल्या आल्या त्यांनी खिडक्या उघडल्या, मामांना बसतं केलं, पट्टी सोडली आणि सरळ जखमेपाशी नाक नेलं. मी दारापर्यंत मागे सरकलो. पट्टी कधी बदलली होती, या प्रश्नावर मामींनी चिरंजीवांकडे पाहिलं, चिरंजीवांनी माझ्याकडे. मी कॅलेंडर बघू लागलो. किळस सगळ्यांनाच यायची. ताटसुद्धा आम्ही दारातूनच आत सरकवायचो. शेवटी चिरंजीवांनी मांडलं, की बाबांच्याच सोयीसाठी त्यांना इस्पितळात हलवावं.

"मला इथंच राहू दे रे," मामा म्हणाले.

"सोय कुणाची, ते नाकाला रुमाल लावून सांगू नका, चिरंजीव," कॅप्टनबाई म्हणाल्या. रुमाल खाली आला.

मग जखम धुता धुता त्यांनी निकाल दिला. वरून औषधाची पूड टाकली की वास आटोक्यात येईल आणि मामा घरीच राहतील. मात्र रोज सकाळी पट्टी बदलायची, आणि ती ठरलेल्या एकाच माणसानं. सगळ्यांनी मिळून म्हणजे कुणीच नाही, हे त्यांनी बरंच पाहिलेलं. आणि तो माणूस म्हणजे भाचे.

मी त्यांना जिन्यात गाठलं. म्हटलं, "बाई, मला खरंच नाही जमणार. उलटी होईल मला."

"बाजूला जाऊन करा, हात धुवा आणि परत येऊन पट्टी पुरी करा."