बाईंच्या हातची माशी

फार्कर मॅकरेचा समोरचा एक दात आडवा झिजलेला होता. गावात नव्यानं आलेल्या दंतवैद्यानं कारण विचारलं, तेव्हा फार्करनं एका शब्दात उत्तर दिलं, "माशा." दंतवैद्य एडिनबरोचा होता. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढं विचारायचं टाळलं.

फार्कर अडतीस वर्षं गारव नदीवर गिली होता. गिलीचं काम म्हणजे इस्टेटीच्या नदीवर सॅमन पकडायला आलेल्या पाहुण्याच्या शेजारी उभं राहणं. पाण्यात कुठं उतरायचं, काठी किती लांबीची घ्यायची, दोर तरंगता की बुडता, टोकाला कुठली माशी, हे सगळं गिलीनं सांगायचं आणि पाहुण्यानं ते आपल्याच मनात आलं होतं अशा चेहऱ्यानं ऐकायचं. माशी म्हणजे खरी नव्हे. गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेली, जगातल्या कुठल्याच किड्यासारखी न दिसणारी वस्तू. सॅमन समुद्रातून नदीत शिरला की खाणं सोडतो आणि महिनोन्‌महिने उपाशी राहतो. तरी अधूनमधून एखादा या पिसांच्या पुडक्यावर तोंड टाकतो. का टाकतो, यावर पाहुणे मंडळींनी जाडजूड ग्रंथ लिहिले होते. ते नदीकाठच्या खोपीत पडून असत आणि फार्करनं त्यातले बरेचसे वाचले होते. त्याचं स्वतःचं मत विचारलं तर तो म्हणे, "चिडत असेल."

पाहुणे माशी निवडत ती रंगावरून. पेटीवर अर्धा तास मान घालून बसत, लालशेजारी पिवळी धरून बघत, बायको साडीच्या दुकानात बसावी तसे. फार्कर आधी पुलाच्या खांबावरच्या खुणा बघे. मग बाही कोपराच्या वर सारून हात पाण्यात घाली आणि मनात तीसपर्यंत मोजी. हाडं ठणकली तर बुडता दोर आणि मोठी माशी. नाही ठणकली तर तरंगता दोर आणि लहान माशी. पाणी उतरलं असेल तर आणखी लहान, शिवाय अंगानं किडकिडीत, कारण उथळ स्वच्छ पाण्यात माशाला सगळं दिसतं आणि गुबगुबीत काही दिसलं की तो संशय घेतो. एवढं ठरलं की फार्कर उदारपणे म्हणे, "रंग तुम्ही ठरवा."

दाताचं कारणही इथंच होतं. दोराला माशी बांधली की गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करतात. सगळेच करतात. माशी अंगानं जास्त भरली असली, की फार्कर गाठ ओली करता करता तिचे चार केस कुरतडून टाकी आणि पाठ वळवून थुंके. चाळीस चाळीस वर्षं नदीवर येणाऱ्या सरदारांच्या नाकासमोर त्यानं हे केलं होतं. कुणाला कळलं नव्हतं. आपल्या पाहुण्यानं माशीपायी रिकाम्या हातानं घरी जायचं नाही, एवढा एकच धर्म तो मनापासून पाळी. रविवारचं चर्च बायकोच्या भिडेनं.

जुलैत पाणी आटलं की सरदार लोक मोठ्या नद्यांवर जात आणि गारवचा खालचा टप्पा बेताच्या ऐपतीच्या माणसांना मिळे. मिस युफेमिया गेडिस त्यांतल्या. पेस्लीच्या दोऱ्याच्या गिरणीत त्यांनी एकतीस वर्षं रिळं तपासली होती. गिरणी बंद झाली, तेव्हा निरोपाच्या पैशांतून त्यांनी एक जुनी काठी घेतली, आणि तेव्हापासून दर जुलैत सोमवार ते शनिवार त्या गारववर असत. नऊ वर्षांत चार सॅमन. फार्कर त्यांना बाई म्हणे.

त्या वर्षी सोमवारी सकाळी बाईंनी खोपीच्या टेबलावर आपली माशांची पेटी ठेवली आणि ती उघडायच्या आधीच म्हणाल्या, "फार्कर, यंदा तुमची पेटी घरी ठेवा."

"का बाई? चावली का ती तुम्हाला?"

"नऊ वर्षं मी पेटी उघडते. तुम्ही आत बघता, 'सुरेख' म्हणता आणि खिशातून तुमचीच माशी काढता. लग्नातला आहेर करून टाकलाय तुम्ही माझ्या माशांचा. बघायचा आणि बाजूला ठेवायचा."

"सुरेख आहेतच त्या."

"मग बांधा की त्यातली. मी हिवाळाभर बसून करते त्या." बाईंनी उजवा गुडघा चोळला. "नोव्हेंबरात हा बदलायचाय. पुढच्या वर्षी डॉक्टर पाण्यात उतरू देतील की नाही, देव जाणे. माझ्या हातच्या माशीवर एक मासा. एकच. शनिवारपर्यंत."

"आणि नाही लागला तर?"

"तर नाही लागला."

असं बोलणं फार्करच्या शास्त्रात बसत नव्हतं. त्यानं पेटी उघडली. काम अप्रतिम होतं. दोऱ्याचा एकेक वेढा दुसऱ्याला खेटून, गाठ शोधून सापडू नये अशी. पण एकतीस वर्षं दुसऱ्याच्या दोऱ्यावर काटकसर केलेल्या बाईंनी स्वतःच्या माशांवर काही कमी पडू दिलं नव्हतं. प्रत्येक माशी नाताळच्या कोंबडीसारखी भरलेली.

"ही कोण?" त्यानं एक उचलली. बाई आपल्या माशांना गिरणीतल्या मैत्रिणींची नावं देत, हे त्याला ठाऊक होतं.

"मिसेस टॉरन्स. पॅकिंगमधल्या."

"तब्येतीनं बऱ्या होत्या वाटतं."

"जिन्यात समोरून आल्या की आम्ही परत वर जायचो."

फार्करनं मिसेस टॉरन्सना सांभाळून जागेवर ठेवलं. कोपऱ्यात एक काळी, त्यातल्या त्यात बारीक माशी होती. "आणि ही?"

"ग्रिझेल ऑर. मुकादमीण. हाडाची काडी नुसती. तिच्यावर जास्त केस खर्च करायचं माझ्या जिवावर आलं."

"ग्रिझेलबाईंना घेऊ," फार्कर म्हणाला.

बाईंची तेरा फुटी काठीही त्यानं खोपीतच उभी केली आणि इस्टेटीची दहा फुटी हलकी काठी त्यांच्या हातात दिली. एवढ्याशा पाण्यावर मोठ्या काठीनं दोर पडला की बादली आपटल्यासारखा आवाज होई. काठीबद्दल बाईंनी वाद घातला नाही. काठी त्यांच्या हातची नव्हती.

सोमवार, मंगळवार, बुधवार ग्रिझेल ऑरनं पाद्र्याचा डोह वरपासून खालपर्यंत तपासला. मासे होते. उड्या मारत होते. पण माशीजवळ येऊन बघत आणि निघून जात. अजून जाड, अजून जाड, असं फार्करच्या डोक्यात तीन दिवस चाललं होतं. खिशातली कात्री त्यानं एकदा काढली, तेव्हा बाई वळूनही न बघता म्हणाल्या, "मी बांधली तशीच राहू दे हं."

बुधवारी संध्याकाळी त्यानं जेवताना बायकोला सगळं सांगितलं.

"चार केस गं. चार केस काढले की काम होतंय."

"त्यांना मासा हवाय की त्यांची माशी?" डोलिनानं विचारलं.

"मासा लागल्यावर कोण विचारतंय माशीचं?"

"तू नाही विचारणार," डोलिना म्हणाली आणि बटाटे पुढं सरकवले.

गुरुवारी सकाळी फार्करनं गाठ ओली केली. जरा जास्त वेळ केली. मग पाठ वळवून थुंकला. अकराव्या फेकीला दोर ताणला गेला, काठी वाकली आणि बाई ओरडल्या, "आली! आली माझी ग्रिझेल कामाला!" दहा मिनिटांनी वजनाला पाच पौंड भरेल असा चांदीसारखा सॅमन जाळ्यात होता. मासा पाण्याबाहेर न काढता सोडायचा, असा नियम होता. बाई गुडघ्यावर बसल्या, गळ सोडवण्यासाठी त्यांनी चष्मा लावला आणि थांबल्या.

दोऱ्यातला एक धागा कमी असला तरी रीळ परत पाठवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांच्यापुढं फार्करनं हे केलं होतं. ही गोष्ट त्याच्या आता ध्यानात आली.

"मासा सोडा आधी," बाई म्हणाल्या. मासा गेला. बाईंनी माशी उन्हाकडे धरली. "हिला कात्री कुणी लावली?"

"कात्री नाही लावली."

"मग?"

"दात," फार्कर म्हणाला.

बाईंनी बोटांवर मोजलं.

"म्हणजे माझे चारही मासे तुमच्या माशांवर, आणि पाचवा तुमच्या दातांवर."

"बाई, काठी तुमच्या हातात होती. मासा तुम्हीच दमवलात. मासा तुमचाच."

"आणि माशी?"

खोटं बोलायची ही चांगली संधी होती. पण आधीच्या खोट्याचा एक केस अजून त्याच्या दातात अडकलेला होता. "पाऊण तुमची," तो म्हणाला.

"पाऊण माशीवर मासा धरायला मी पेस्लीहून आले नव्हते."

खोपीत एक वही असे. कुठल्या डोहात, कुठल्या माशीवर, किती वजनाचा मासा लागला, ते गिलीनं त्यात लिहायचं. संध्याकाळी बाई शेजारी उभ्या राहिल्या आणि माशीच्या रकान्यात त्यांनी 'मॅकरे' असं लिहायला लावलं. त्या वहीत आपलं नाव शेकडो वेळा लिहिताना फार्करला बरं वाटलं होतं. या वेळी पेन नीट चालत नव्हतं.

शुक्रवारी बाई कामापुरतं बोलल्या. दुपारी त्यांनी खोपीच्या टेबलाला गळ पकडून ठेवणारा आपला छोटा शिकंजा आवळला आणि नवी ग्रिझेल बांधायला घेतली. जुनीपेक्षा बारीक. फार्कर बाहेर चिलटांत जाऊन बसला. आत बसून गप्प राहणं त्याला जमलं नसतं. बाईंनी माशी स्वतःच दोराला बांधली, गाठ स्वतःच ओली केली. त्या दिवशी मासा लागला नाही.

शनिवारी पाणी आणखी चार बोटं उतरलं. रविवारी सॅमन धरायला कायद्यानंच बंदी, त्यामुळं संध्याकाळी सहाला आठवडा संपणार होता. साडेतीनच्या सुमाराला डोहाच्या खालच्या टोकाशी एक मासा ग्रिझेलच्या मागून वर आला, पाण्यावर फुगवटा उमटला, आणि मासा वळून गेला. बाईंनी पुन्हा तिथंच फेकली. पुन्हा आला, पुन्हा वळला. फार्करनं दोन्ही हात कोटाच्या खिशांत कोंबले.

"बोला आता," बाई म्हणाल्या.

"मी काही बोलत नाहीये."

"तेच ऐकू येतंय मला मघापासून. सांगा. तुम्ही काय केलं असतंत?"

"चावलो असतो."

बाईंनी दोर गुंडाळून माशी हातात घेतली. ती त्यांनी बरीच बारीक बांधली होती. सवयीला जेवढं झेपलं तेवढी. "अजून?"

"निम्मी."

"निम्मी! अहो, उघडी पडेल बिचारी."

"ग्रिझेलबाईंना चालेल. मिसेस टॉरन्स असत्या तर मी सुचवलं नसतं."

बाईंना हसायचं नव्हतं, पण थोडं आलं. "कात्री द्या."

फार्करनं खिसे चाचपले. गुरुवारपासून कात्री तो मुद्दाम घरी ठेवून येत होता. त्यानं तसं सांगितलं. बाईंनी माशीकडे पाहिलं, मग त्याच्या दाताकडे, मग आवाज उतरवून म्हणाल्या, "वरची कवळी आहे माझी."

"तुमचीच ना?"

"मग काय शेजारणीची?"

"मग चालेल. मुळापासून नको. बाहेरचे केस चिमटीत धरा. गळाची टोकं जिभेपासून लांब. आणि हिसका नाही द्यायचा, कुरतडायचं."

मिस गेडिस घोटाभर पाण्यात उभ्या राहून ग्रिझेल ऑरला चावल्या. पहिल्यांदा दोनच केस निघाले. दुसऱ्यांदा बराच झुपका आला. त्या वळल्या आणि एकतीस वर्षं गिरणीत शिस्तीत काढलेल्या बाईला शोभणार नाही अशा जोरानं थुंकल्या.

"जास्त झालं का हो?"

फार्करनं लांबूनच बघितलं. हात लावला नाही. "बरोबर आहे."

घड्याळ लावून त्यानं पाच मिनिटं डोह शांत ठेवायला लावला. मग बाईंनी फेकली. पहिल्या फेकीला काही नाही. दुसरीला फुगवटा. तिसरीला फुगवटा आलाच नाही, दोर नुसता जड झाला आणि वरच्या अंगाला चालू लागला. बाई या वेळी ओरडल्या नाहीत. मासा दोनदा खडकाकडे धावला, दोनदा त्यांनी तो वळवला आणि तिसऱ्यांदा दमून कुशीवर आल्यावर फार्करनं त्याच्याखाली जाळं धरलं. साडेचार पौंड. बाईंनी माशी सोडवली, मासा तोंड प्रवाहाकडे करून धरला. तो हातातून निसटला, तेव्हाच त्या उठल्या. उठायला फार्करनं हात दिला, तो त्यांनी घेतला.

"सव्वाचार," फार्कर घाईनं म्हणाला. "पावणेदोन तास आहेत बाई. डोह आत्ता कुठं जागा झालाय. वरच्या दगडापासून पुन्हा सुरू करा, अजून दोन तरी लागतील."

बाई दोर रिळावर गुंडाळत होत्या. शेवटपर्यंत गुंडाळला, माशी तोडून घेतली आणि काठीचे दोन तुकडे वेगळे केले.

"हे काय?"

"झालं माझं."

"झालं म्हणजे?"

"एक म्हटलं होतं. चहा आहे का थर्मासात?"

अडतीस वर्षांत जागा झालेला डोह सोडून कुणी चहा मागितलेला फार्करला आठवत नव्हतं. पण थर्मासात चहा होता. दोघं काठावरच्या फळीवर बसली. समोर एक मासा उडाला, मग आणखी एक, चांगला आठ पौंडी. बाई साखरेच्या वडीचा तुकडा मोडत तिकडं बघत राहिल्या. फार्करला ते बघवेना, म्हणून तो कप घेऊन फळीच्या दुसऱ्या बाजूला, नदीकडे पाठ करून बसला.