डीपीवरचा शेवटचा नंबर

राजुरीच्या कुशाबाच्या दुकानात जळक्या वार्निशचा वास कायम मुक्कामाला असायचा. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी जीपमधून यायच्या. मोटार भरताना कुशाबा तिच्यातली करपलेली तार उपसायचा आणि नवी तांब्याची तार खाचेत अशा मायेनं बसवायचा, जणू प्रयोगाआधी नायिकेच्या वेणीत गजरा माळतोय. विजेचे तीन फेज म्हणजे त्याच्या लेखी एका तालावर नाचणाऱ्या तिघीजणी. एकीचा पाय चुकला, की नाच मोडला.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात साळुबाईची मोटार त्याच्याकडं दुसऱ्यांदा आली. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं कांदा लावला होता आणि तो आता पोसायला आला होता. पाणी चुकलं तर नुसती गोटी राहणार होती.

"कुशाबाभाऊ, तुमी भरलेली मोटार एवढ्यात कशी जळती?"

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून त्याला जास्त लागलं.

दोष तारेचा नव्हता. ओढ्याकाठच्या सगळ्या विहिरी एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर होत्या आणि प्रत्येकानं स्टार्टरला ऑटो बसवलेला. वीज आली, की मालक घरी असला तरी मोटार आपोआप सुरू. पडदा उघडताच सगळी पात्रं एकदम रंगमंचावर धावावीत आणि कुणाचंच बोलणं ऐकू येऊ नये, तसं व्हायचं. विजेचा दाब कोसळायचा. मोटारी नुसत्या घुमायच्या, करंट जास्त ओढून तापायच्या. वीज खर्ची पडायची, पाणी करंगळीएवढं. साळुबाईची विहीर डीपीपासून सगळ्यांत लांब, म्हणून तिचीच मोटार आधी जळायची.

कुशाबानं मोटार भरून दिली आणि बाकीच्या विहिरी पायी पालथ्या घातल्या. "ऑटो काढा. एका टायमाला निम्म्याच मोटारी चालवू, निम्म्या मागनं. दाब टिकंल, पाणी लई पडंल."

गोरख हा तिथला मोठा बागायतदार. तो हसला. "राव, मोटारी जळायच्या थांबल्या तर तू काय भजी तळणार व्हय?"

"तळीन. पहिला घाणा तुला."

"आन् मागच्या निम्म्यांत कोण बसणार? मधीच लाईट गेली तर?"

खरा सवाल तोच होता.

"मागच्यांत मी," कुशाबा म्हणाला. "त्यांच्यातबी शेवटचा. माझाबी कांदा ह्याच डीपीवर हाय."

त्यावर गोरखनंही मान डोलावली. ऑटो निघाले. घुमणं थांबलं, मोटारी एका सुरात वाजू लागल्या, साळुबाईचा पाइप तोंडभरून वाहू लागला. कुशाबाचा नंबर येईपर्यंत मात्र वीज बरेचदा गेलेली असायची. त्याच्या कांद्याची पात पिवळी पडत चालली.

एका दुपारी तो आपल्या स्टार्टरपाशी उभा राहिला. नंबर अजून लांब होता. एक मोटार वाढली तर कुणाला कळणार? अंगठा हिरव्या बटणावर टेकला. तेवढ्यात ओढ्यापलीकडचा एक आवाज थांबला. त्यानं स्वतः भरलेल्या मोटारीचा आवाज. जळली, असं वाटून तो धावतच गेला.

साळुबाई बांधावर उभी होती. तिचे निम्मे वाफे कोरडेच होते.

"जळली न्हाई," ती म्हणाली. "बंद केली. माझ्या जागी तुमची लावा. माझं राहिलेलं उद्या भिजंल."

कुशाबा माघारी आला आणि मग त्यानं बटण दाबलं.

त्या साली त्याचा कांदा बारीकच निघाला. दुकानातला जळका वास मात्र, मोटारी येईनाशा झाल्यानं, दिवाळीपर्यंत विरून गेला होता.