भावजयीच्या हातची पेज

आईला कॅन्सर निघाला तेव्हा ती पेणला माझ्याकडे होती. मुंबईला जाऊन सलाईनमधून औषध घ्यायचं आणि घरी आल्यावर नुसत्या ओकाऱ्या. पहिल्या दोन खेपांना घमेलं धरायला मी, पाठ चोळायला मी, लुगडी धुवायला मी. पेजेचा घोट गेला की लगेच बाहेर. दृष्टसुद्धा काढली, तीही सासरच्या मिठागरातल्या खड्या मिठाने. कसलं काय!

पुढच्या खेपेला धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, तू दमलीस. या वेळी रोह्याला नेतो." आणि नेमकी तेव्हाच डॉक्टरांनी नवी गोळी लिहून दिली, ओंडान्सेट्रॉन. नव्वदनंतरचा काळ, आमच्याकडे तिचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनी समजावलं, सलाईनमधल्या औषधामुळे आतड्यात सेरोटोनिन सुटतं, ते मेंदूला ओकायचा निरोप पाठवतं. ही गोळी तो निरोप घेणारं दारच अडवते.

मी रोह्याला भेटायला गेले, तर आई उशीला टेकून पेज खातेय! वर भावजयीकडे बोट दाखवून मला म्हणते, "हिच्या हाताला गुण हाय गो. हिनं मीठमोहऱ्या उतरवल्या नि ओकारीच थांबली बघ."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दुकानातलं पुडीचं मीठ ते! भावजय बिचारी म्हणत होती, "अहो आई, गोळीनं थांबली," पण आई ऐकेल तर शपथ. त्या पोरीचा चांगुलपणा मला जास्तच झोंबला. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं.

त्यानंतरची खेप मी हट्टाने पेणला आणली. गोळी वेळेवर दिली. गाडीत आई छान गप्पा मारत होती. घरात आली, मी पेजेची वाटी पुढे केली आणि ती भडाभडा ओकली. गोळी पोटात असताना!

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "ही गोळी औषधाची ओकारी थांबवते. पण आधीच्या त्रासाची आठवण तुमच्या घराशी, तुमच्या हातच्या पेजेशी जोडली गेलीय. घर दिसलं, तिथला वास आला की पोट ढवळतं. त्याला ही गोळी फारशी पुरी पडत नाही."

वा रे न्याय! जिने घमेलं धरलं तिचाच वास नकोसा, आणि जी नंतर आली तिच्या हाताला गुण.

"तुझं काय चुकलं नाय गो," आई रडत म्हणाली, "पण तू पेज घेऊन जवळ आलीस की मळमळतं."

भाऊ तिला परत रोह्याला घेऊन गेला. मी भेटायला गेले की तिच्या नजरेआड पडवीतच बसायचे. एकदा आतून आईचा आवाज आला, "आणखी थोडी वाढ गो." भावजयीच्या जागी तो वाढणारा हात माझा असायला हवा होता, एवढंच मनात येत होतं.

तिने हाक मारली, "वन्सं, आत या ना!"

"नको," मी म्हणाले, "जेवू दे तिला."